घड्याळ उशाशी, रेडिओ ओट्यापाशी

घड्याळ, गजर आणि रेडिओ एकाच पेटीत असलेल्या संचाविषयी गेल्या काही आठवड्यांत इतकी पत्रे आली की या खेपेचे प्रश्नोत्तरांचे सदर त्यालाच द्यायचे ठरवले. पत्रे वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली. दुकानदार दोन्ही खोल्यांसाठी एकच वस्तू काढून दाखवतो, पण झोपायच्या खोलीसाठी आपण खरे तर घड्याळ घेत असतो आणि स्वयंपाकघरासाठी रेडिओ. हे आधी मनाशी पक्के केले, तर दुकानात फसगत होत नाही.

प्रश्न : मी आणि माझे यजमान दोघेही निवृत्त आहोत. पहाटे साडेपाचला उठायची सवय आहे आणि आकाशवाणीच्या संकेतधुनीने जाग यावी, अशी त्यांची फार दिवसांची इच्छा आहे. मुलाने घड्याळ-रेडिओ आणून दिला, पण त्याच्या निळ्या आकड्यांचा उजेड एवढा पडतो की मला झोप लागत नाही. दुसरा घ्यायचा झाल्यास काय पाहून घ्यावा? – एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : आपल्या तक्रारीला शास्त्राचा आधार आहे. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा असतात की त्यांचे मुख्य काम वस्तू दाखवण्याचे नसून, बाहेर दिवस आहे की रात्र हे मेंदूला कळवण्याचे असते. या पेशी 480 नॅनोमीटरच्या आसपासच्या, म्हणजे निळ्या उजेडाला सर्वांत जास्त दाद देतात. तसा उजेड रात्री डोळ्यांवर पडत राहिला, तर झोपेची वेळ झाल्याची खूण असलेले मेलाटोनिन शरीरात कमी तयार होते. तांबड्या उजेडाला याच पेशी फारशी दाद देत नाहीत. त्यामुळे उशाशी ठेवायच्या संचाचे आकडे तांबडे असावेत. निळे आणि पांढरे आकडे दुकानात कितीही देखणे दिसले, तरी ते झोपायच्या खोलीत आणू नयेत.

रंगाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे उजेड कमी करण्याची सोय. पुष्कळ संचांत फक्त ‘प्रखर’ आणि ‘मंद’ अशा दोनच पायऱ्या असतात, आणि दुकानातल्या झगझगीत दिव्यांखाली जो मंद वाटतो, तोच रात्री अंधारात डोळ्यांत खुपतो. खरेदीला जाताना एक जाड ओढणी बरोबर न्यावी, चालू संचावर आणि आपल्या डोक्यावर ती धरावी आणि आतल्या अंधारात आकडे कसे दिसतात ते पाहावे. दुकानदार जरा चकित होईल, पण नाही म्हणणार नाही. आकडे पूर्ण विझवता येतात आणि वरचे बटण दाबल्यावर तेवढ्यापुरते उजळतात, असा संच मिळाला तर तो सर्वांत उत्तम. आकड्यांची उंची दोन ते अडीच सेंटिमीटर असली, म्हणजे चष्मा न लावताही बहुतेकांना वेळ वाचता येते. त्याहून मोठे आकडे घेतले की उजेडही वाढतो. आता घरी असलेला संच टाकून देऊ नका. स्वयंपाकघरात निळ्या आकड्यांचा कोणालाही त्रास नाही.

यजमानांच्या इच्छेत मात्र एक अडचण आहे, आणि ती संच घेण्यापूर्वीच कळलेली बरी. आकाशवाणीच्या अनेक केंद्रांची सकाळची पहिली सभा, म्हणजे प्रसारणाचे सत्र, सहाच्या सुमारास सुरू होते, आणि संकेतधून वाजते ती सभेच्या आरंभी. साडेपाचचा गजर रेडिओवर लावला, तर बरोबर साडेपाचला संच चालू होईल आणि त्यातून नुसती खरखर ऐकू येईल. यासाठी दोन स्वतंत्र गजरांचा संच घ्यावा. पहिला गजर बझरवर साडेपाचला लावावा, आणि दुसरा रेडिओवर, आपल्या केंद्राची सभा सुरू होण्यापूर्वी एक-दोन मिनिटे. मुंबई केंद्रात संगीताची जबाबदारी सांभाळलेल्या वॉल्टर कॉफमन यांनी 1930 च्या दशकात बांधलेली ती धून त्यांना जाग आणणार नाही, पण चहाच्या पहिल्या घोटाला नक्की सोबत करील.

आणखी एक चाचणी दुकानातच करून पाहावी. रेडिओचा आवाज अगदी बारीक करून गजराची वेळ पुढच्या मिनिटावर लावावी. काही संचांत गजराला रेडिओ लागतो तो शेवटी ठेवलेल्या आवाजातच, त्यामुळे रात्री झोपताना ज्याने आवाज कमी केला, त्याला सकाळी गजर ऐकूच येत नाही. गजराचा आवाज वेगळा ठरवता येतो आणि तो हळूहळू चढतो, असा संच निवडावा. गजर थांबवण्याचे आणि थोड्या वेळापुरता पुढे ढकलण्याचे बटण बोटांना वेगवेगळे लागले पाहिजे, कारण अर्धवट झोपेत आपण वाचत नसतो, चाचपडत असतो.

आपण पुणे केंद्र 792 किलोहर्ट्झवर, म्हणजे मिडियम वेव्हवर ऐकत असाल, तर खोलीतल्या पंख्याकडेही लक्ष द्या. गोल फिरवायचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असला, की पंखा पूर्ण वेगात असताना रेडिओ स्वच्छ वाजतो आणि पंखा मध्यावर आणला की त्यातून एकसारखी घरघर येऊ लागते. हा दोष रेडिओचा नसतो. टप्प्याटप्प्याने फिरणारा, आत कपॅसिटर असलेला रेग्युलेटर बसवून घेतला की ही घरघर सहसा थांबते, आणि नवा रेडिओ घेण्याच्या मानाने तो खर्च किरकोळ आहे.

प्रश्न : न्यू जर्सीला राहणाऱ्या मेहुण्यांनी त्यांचा जुना, पण उत्तम स्थितीतला घड्याळ-रेडिओ आम्हाला दिला. व्होल्टेज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर लावून तो चालवतो. रेडिओ वाजतो, पण घड्याळ तासाला दहा मिनिटे मागे पडते. दोन मेकॅनिकना दाखवला. दोघेही म्हणाले की आत काहीही बिघाड नाही. – एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : दोघेही मेकॅनिक बरोबर आहेत. तासाला नेमकी दहा मिनिटे, हाच या कोड्याचा उलगडा आहे. अशा जुन्या संचांतले घड्याळ स्वतः वेळ मोजत नाही; ते घरात येणाऱ्या विजेची आवर्तने मोजते. अमेरिकेत वीज सेकंदाला 60 आवर्तनांची असते, म्हणून 60 आवर्तने मोजून झाली की एक सेकंद झाला, असे त्याला शिकवलेले आहे. आपल्याकडे वीज 50 आवर्तनांची. त्यामुळे खऱ्या एका तासात त्याच्या हिशेबाने 50 मिनिटेच होतात, आणि आज दुपारी बारा वाजता लावलेले घड्याळ उद्या दुपारी बाराला सकाळचे आठ दाखवते. ट्रान्सफॉर्मर 230 व्होल्टचे 120 करतो, पण आवर्तनांना तो हात लावत नाही. तो लावल्याशिवाय संच कधीही प्लगला जोडू नका, एवढे मात्र लक्षात असू द्या.

आता उपाय. संच पालथा करून पाहा. बॅटरीच्या कप्प्यात किंवा मागच्या बाजूला 50 आणि 60 असे आकडे असलेला बारीक सरकता खटका काही संचांत असतो. तो सरकवला की काम झाले. खटका नसेल, तर घड्याळ बंद समजून संच केवळ रेडिओ म्हणून वापरणे शहाणपणाचे. पुढे कोणी अमेरिकेहून नवा संच आणणार असेल, तर त्याच्या अडॅप्टरवर 100 ते 240 व्होल्ट आणि 50/60 हर्ट्झ असे छापलेले आहे का, हे आधी पाहायला सांगावे. असा अडॅप्टर संचाला एकदिश प्रवाह देतो, मोजायला आवर्तनेच उरत नाहीत, आणि घड्याळ क्वार्ट्झच्या स्फटिकावर चालते. तो स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो आणि महिन्याला फार तर मिनिटभर चुकतो.

पण तेवढ्याने प्रश्न सुटत नाही, कारण रेडिओचाही एक पेच आहे. अमेरिकेत एफएम केंद्रे एक आड एक दशांशावर असतात, म्हणजे 88.1, 88.3, 88.5 अशी. तिकडच्या पुष्कळ डिजिटल संचांत बटण दाबले की काटा याच पायऱ्यांनी सरकतो. ठाण्यात मुंबईचे 100.7 आणि 107.1 त्यावर बिनचूक लागेल, पण विविध भारतीचे 102.8 पायरीवरच येत नाही. एक तर 102.7 लागेल नाही तर 102.9, आणि दोन्हीकडे आवाज फाटलेला येईल. मिडियम वेव्हचीही तीच गत. आपली केंद्रे 9 च्या पाढ्यात बसतात आणि अमेरिकेतली 10 च्या, त्यामुळे 558 वरचे मुंबई केंद्र त्या संचावर 560 ला शोधावे लागते. आपला संच जुना, चकती फिरवून स्टेशन लावायचा असेल, तर हा पेच येत नाही, आणि म्हणूनच तो आपल्याकडे नीट वाजत असावा.

प्रश्न : आईला स्वयंपाक करताना रेडिओ लागतो. तिचे वय 74 आहे, ऐकू थोडे कमी येते आणि कणकेच्या हातांनी ती बटणे दाबते, म्हणून आधीचे दोन रेडिओ बिघडले. ओट्याजवळ ठेवण्यासाठी घड्याळ असलेला रेडिओ सुचवा. – एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : आईंना बोललेले शब्द नीट कळले पाहिजेत, ही पहिली कसोटी. कमी ऐकू येणाऱ्या माणसाला आपण आवाज मोठा करून देतो, पण त्याची खरी अडचण बहुधा ‘स’, ‘श’, ‘त’, ‘क’ ही व्यंजने निसटतात ही असते. दुकानात गाणे लावून संच पारखू नये, कारण गाण्यात घुमणारा खालचा आवाज कानाला भरदार वाटतो आणि माणूस भुलतो. बातम्या किंवा भाषण लावावे, आवाज मध्यम ठेवावा आणि चार पावले मागे जाऊन शब्द सुटे सुटे ऐकू येतात का ते पाहावे. शक्य असेल तर आईंनाच बरोबर न्यावे. सात-आठ सेंटिमीटरचा, समोर तोंड असलेला एकच स्पीकर या कामाला पुरतो. आकाशाकडे तोंड असलेला स्पीकर स्वयंपाकघरात मुळीच घेऊ नये. फोडणीचे तेल आणि कुकरची वाफ वर जाऊन शेवटी खालीच बसते आणि वर्षभरात त्या जाळीवर चिकट थर जमतो.

बटणांच्या बाबतीत माझे मत ठाम आहे. स्पर्शाने चालणारी गुळगुळीत काच ओल्या किंवा पिठाच्या बोटांना दाद देत नाही, आणि दिली तरी भलतीच देते. आवाजासाठी गोल फिरणारी मोठी मूठ आणि चालू-बंद करण्यासाठी एक ठसठशीत बटण हवे, जे मनगटाच्या मागच्या बाजूनेही दाबता येईल. आईंचे ठरलेले केंद्र एका बटणावर साठवून द्यावे आणि त्या बटणावर नखपॉलिशचा एक टपोरा ठिपका द्यावा. गजर त्यांना कदाचित लागणार नाही, पण मिनिटे उलटी मोजून वाजणारा टायमर असेल, तर खीर आटवताना त्याचा फार उपयोग होतो. घड्याळाचे आकडे येथे मोठे आणि उजळ असावेत. झोपायच्या खोलीचा नियम येथे लागू नाही.

जागेचा विचार संच निवडण्याइतकाच करावा. शेगडीच्या वर किंवा नळाच्या शेजारी संच ठेवू नये. खांद्याच्या उंचीवर भिंतीतली फळी सर्वांत चांगली, कारण तेथून आवाज थेट कानाकडे येतो आणि वायर ओट्यावरून लोंबत नाही. पण फळी ठोकण्यापूर्वी संच त्या जागी धरून, चालू करून पाहा. मिडियम वेव्हचा एरियल म्हणजे संचाच्या पोटात आडवी बसवलेली फेराइटची कांडी असते, आणि तिला दिशा कळते. नागपूर केंद्राचे 585 किलोहर्ट्झ एका बाजूला तोंड असताना खणखणीत लागते आणि संच काटकोनात फिरवला की पार विझून जाते, असे होऊ शकते. फळीवर ठेवल्यावर तोंड एकीकडेच राहणार, म्हणून ही परीक्षा आधी करायची. एफएमसाठी मागे जी लोंबती वायर असते, ती साधारण पाऊण मीटर लांब असते आणि ती लांबी विचारपूर्वक ठेवलेली असते. ती गुंडाळून रबर लावू नये. सरळ ताणून भिंतीला चिकटपट्टीने चिकटवावी.

इंडक्शन शेगडी वापरत असाल, तर ती चालू असेपर्यंत मिडियम वेव्हवर गोंगाट येईल आणि कोणताही संच त्यातून सुटणार नाही. अशा वेळी एफएमवर जावे. नागपूरला विविध भारती 100.6 वर आहे. आणि संच कोठूनही घेतला, तरी त्यावर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, हे पाहून घ्यावे. घरातल्या विजेवर चालणारी इलेक्ट्रॉनिक घड्याळे सक्तीच्या नोंदणीच्या आदेशात आहेत. जेथे पाणी आणि वीज हातभर अंतरावर असतात, तेथे ही खूण नसलेला स्वस्त संच आईंच्या हाती देऊ नये.

प्रश्न : आमच्याकडे पावसाळ्यात रात्रीतून दोन-तीनदा वीज जाते. सकाळी उठून पाहावे, तर घड्याळात 12:00 लुकलुकत असते आणि गजर वाजलेलाच नसतो. दुकानदार म्हणतो की यात बॅटरीची सोय आहे. मग असे का होते? – एक वाचक, देवरुख

उत्तर : ‘बॅटरीची सोय आहे’ या एका वाक्यात तीन निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात, आणि दुकानदार त्यांतली कोणती सांगतो आहे हे आपल्याला विचारून घ्यावे लागते. काही संचांत बॅटरी केवळ वेळ लक्षात ठेवते. वीज नसताना आकडे विझतात, गजर वाजत नाही, पण वीज आली की घड्याळ बरोबर असते. काहींत वीज नसतानाही बझर वाजतो, रेडिओ मात्र लागत नाही. आणि थोड्या संचांत पेन्सिल सेलवर किंवा भरता येणाऱ्या बॅटरीवर सारेच चालते. कोकणातल्या पावसाळ्यासाठी तिसरा प्रकार घ्यावा, निदान दुसरा तरी. पहिल्या प्रकाराच्या भरवशावर पहाटेची गाडी पकडायला जाऊ नये.

12:00 लुकलुकते, याचा अर्थ आपल्या संचात एक तर सेल घातलेलाच नाही किंवा तो संपलेला आहे. पुष्कळ संच खोक्यातून येतात तेव्हा ही बॅटरी बरोबर नसते. हा अनुभव मीही घेतला आहे. मुलीच्या परीक्षेच्या दिवशी आमच्या उशाशी असलेल्या संचाचा गजर वाजला नाही, दूधवाल्याने दार ठोठावले म्हणून आम्ही उठलो, आणि मागचा कप्पा उघडला तेव्हा चौकोनी नऊ व्होल्टच्या बॅटरीच्या टोकांवर पांढरी भुकटी साचलेली दिसली. चार वर्षांत मी तो कप्पा एकदाही उघडला नव्हता. तेव्हापासून मृगाच्या आधी सेल बदलायचा, हा घरातला नेम आहे.

संच निवडताना परीक्षा सोपी आहे. वेळ लावा, गजर दोन मिनिटांनंतरचा लावा आणि प्लग काढून घ्या. गजर वाजला, तर संच आपल्या उपयोगाचा. प्लग परत जोडल्यावर वेळही मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहा, कारण काही जुन्या धाटणीच्या संचांत बॅटरीवर चालताना घड्याळाची चाल बिघडते आणि रात्रभर वीज गेली तर सकाळी ते काही मिनिटे पुढे किंवा मागे गेलेले असते.

प्रश्न : मोबाइलमध्ये गजर आहे, रेडिओ आहे. वेगळा संच घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे नाही का? – एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : गजरासाठी मोबाइल पुरतो, हे खरे आहे. पण तो उशाशी ठेवायचा नसेल, तर गजराचे साधे घड्याळही पुरेल; रेडिओसकट संच घेतलाच पाहिजे असे नाही. रेडिओसाठी मात्र मला संच बरा वाटतो. ज्या मोबाइलमध्ये एफएम आहे, त्याला बहुधा इअरफोनची वायर एरियल म्हणून लावावी लागते, आणि इंटरनेटवरून येणारे आकाशवाणीचे प्रसारण काही सेकंद उशिरा पोहोचते, त्यामुळे त्यावरून घड्याळ लावता येत नाही. शिवाय पूर आला, टॉवर बंद पडले, की सेलवर चालणारा रेडिओच बोलतो. आपल्या सांगली-कोल्हापूरकडच्या लोकांना हे मी सांगायला नको.

प्रश्न : लंडनहून भाचा दिवाळीला येताना डॅब, म्हणजे डिजिटल प्रसारणाचा, रेडिओ आणणार आहे. त्याचे घड्याळ रेडिओलहरींवरून आपोआप बरोबर लागते, असे तो म्हणतो. ते येथे चालेल का? – एक वाचक, फोंडा, गोवा

उत्तर : यातले एफएम तेवढे चालेल. डॅब या पद्धतीने आपल्याकडे प्रसारण होत नाही. भारताने डिजिटल रेडिओसाठी डीआरएम ही वेगळी पद्धत घेतली आहे आणि डॅबच्या संचाला ती कळत नाही. आपोआप लागणाऱ्या घड्याळाचे म्हणाल, तर डॅब संचाचे घड्याळ सहसा डॅबच्या प्रसारणातूनच वेळ घेते, आणि ते येथे नाही. ब्रिटनमध्ये ॲन्थॉर्न येथून 60 किलोहर्ट्झवर वेळेचा संकेतही पाठवला जातो आणि तिकडची काही घड्याळे त्यावर चालतात. तो गोव्यापर्यंत पोहोचत नाही. शिवाय अशा काही घड्याळांत देश बदलताना पुऱ्या तासांचाच फरक करता येतो, आणि आपली वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहे. घड्याळ हाताने लावायची सोय आहे का आणि त्यात मिडियम वेव्ह आहे का, हे दोन प्रश्न भाच्याला आजच कळवा. डॅबच्या पुष्कळ संचांत मिडियम वेव्ह नसते, आणि आपण पणजी केंद्र 1287 वर ऐकत असाल, तर तो संच आपल्याला मुकाच वाटेल.